डोळ्यांना सांगितलेले नाव



निमंत्रण आले तेव्हा विषय होता 'प्रयोगशील संगीत आणि प्रेम'. आम्ही संयोजकांना म्हटले, विषय फार मोठा आहे आणि मोठी ओझी उचलायचे आमचे वय आता राहिले नाही. त्याचे एक टोक तेवढे पकडतो. ते टोक असे : संगीतकार प्रेमाविषयी काही रचतो, आणि रचताना कागदावरच्या अक्षरांना, आकारांना, रंगांनाही कामाला लावतो. अशा वेळी डोळ्यांना जे दिसते आणि कानांना जे ऐकू येते त्यांचे नाते काय? दोन्ही एकच सांगत असतील तर दोनदा सांगायचे कशाला? आणि वेगवेगळे सांगत असतील तर खरे कोणते मानायचे?

यासाठी दोनच रचना घेणार आहोत. एक सन १४०० च्या आसपासची, फ्रान्समधली. दुसरी १९७१ ची, अमेरिकेतली.

पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एम.ए.च्या वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवत होतो. एका दुपारी वर्गात यातली दुसरी रचना ध्वनिफितीवर ऐकवली. एक पुरुषाचा आवाज, साथीला काहीही नाही. तुटलेली अक्षरे, घशातले आवाज, मध्येच किंकाळीसारखे काही. आम्ही सांगितले होते की ही रचना संगीतकाराने आपल्या जिवलग माणसासाठी केली आहे. फीत संपली, मुले गप्प. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्यात प्रेम कुठे आहे?" आम्ही तेव्हा तिला जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. आधुनिक कलेत भावना व्यक्त होत नाही, भावनेची अपेक्षाच चुकीची, वगैरे. ती खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आमचेही नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

आता पडद्याकडे पाहा. हे पान पॅरिसच्या उत्तरेला शांतिई नावाच्या गावी, तिथल्या वाड्यातल्या कोंदे संग्रहालयात जपलेल्या एका हस्तलिखितातले आहे. रचनाकाराचे नाव बोद कोर्दिये. पानावर काय दिसते? बदामाच्या आकाराचे हृदय. पण ते हृदय चित्रकाराने काढलेले नाही. स्वरलेखनाच्या पाच-पाच रेघाच वाकवून, वळवून त्यांचे हृदय केले आहे. गाणाऱ्याने त्या वळणावरून नजर फिरवत गायचे. तीन आवाजांची ही रचना आहे. कवितेचा आशय साधा : नवे वर्ष लागले आहे, हे सुंदर, सुशील, शहाण्या स्त्रिये, तुला मी नव्या गाण्याची भेट देतो, आणि त्या गाण्यात माझे हृदयच आहे. गंमत बघा, लॅटिनमध्ये हृदयाला 'कोर' म्हणतात आणि या गृहस्थाचे आडनाव कोर्दिये. म्हणजे सहीसुद्धा हृदयाचीच!

या पानावर दोन दृश्य गोष्टी आहेत. एक हृदयाचा आकार. दुसरी लाल शाई. काही स्वर काळे आहेत, काही लाल. आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हाला वाटले, लाल म्हणजे प्रेमाचा रंग, सजावट आहे. तसे नाही. त्या काळच्या लेखनपद्धतीत लाल स्वर लयीचा हिशेब बदलतात. ढोबळमानाने सांगायचे तर दोन काळ्या स्वरांच्या जागेत तीन लाल स्वर बसतात. आपल्याकडचा पखवाजिया याला आड म्हणेल, दीडपट लय. म्हणजे लाल रंग कानांना ऐकू येतो. लाल शाई आली की लय तिरकी होते, हृदयाचा ठोका चुकावा तशी.

आणि हृदयाचा आकार? तो ऐकू येत नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हे गाणे हृदयाच्या आकारात लिहिले होते की चौकोनात, हे कधीही कळणार नाही.

इथे तत्त्वज्ञानातली एक कसोटी उपयोगी पडते. नेल्सन गुडमन नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेला. १९६८ मध्ये त्याचे कलेच्या भाषांवरचे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की स्वरलिपीचे मुख्य काम ओळख पटवण्याचे आहे. आज गायले ते आणि उद्या गातील ते एकच गाणे आहे, हे ज्याच्यावरून ठरते ती स्वरलिपी. मग ही कसोटी कोर्दियेच्या पानाला लावू. हृदय सरळ करून, साध्या आडव्या रेघांवर तेच स्वर उतरवून घेतले तर गाणे बदलेल का? नाही. आजचे गायक बहुधा तशाच सरळ प्रतीवरून गातात. लयीचा हिशेब काढून टाकला तर बदलेल का? नक्की बदलेल. म्हणजे लाल शाईचा अर्थ गाण्याचा भाग आहे, आणि हृदय गाण्याच्या बाहेर आहे.

हे कळल्यावर आमच्यातला मास्तर लगेच जागा झाला. आपल्या परंपरेत या निकालाला मोठे पाठबळ आहे की! नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनिसिद्धान्त मांडला. त्याने चित्रकाव्याला खरे काव्य मानलेच नाही, काव्याची नक्कल म्हटले. पुढे मम्मटाने तीन पायऱ्या केल्या आणि चित्राला खालच्या पायरीवर बसवले. पद्मबंध, खड्गबंध, अक्षरे कमळाच्या पाकळ्यांत बसवलेली, तलवारीच्या पात्यावर मांडलेली. कारागिरी म्हणून थोर, पण रस कुठे आहे? तिकडे युरोपात लेसिंगने १७६६ मध्ये असेच कुंपण घातले. चित्र अवकाशात पसरते, काव्य काळात वाहते, एकाने दुसऱ्याचे काम करू नये. असे दोन्हीकडचे दिग्गज पाठीशी असल्यावर आम्ही वर्गात बिनधास्त सांगत होतो की हृदयाचे पान म्हणजे संगीताला लावलेली झालर.

चूक कुठे झाली? आम्ही एक प्रश्न विचारलाच नाही. हे पान कोणासाठी आहे?

श्रोत्यासाठी नाही, हे उघड आहे. श्रोत्याच्या हातात पान नसतेच. हृदय दिसते ते गाणाऱ्याला, आणि जिला ही भेट द्यायची तिला. बाकीची सभा गाणे ऐकते आणि टाळ्या वाजवून घरी जाते. म्हणजे एकाच रचनेत दोन निरोप आहेत : कानांचा निरोप सगळ्यांना, डोळ्यांचा निरोप एकीला. गाण्याच्या ओळखीपुरते पाहिले तर जे जास्तीचे ठरते, तेच भेट म्हणून मुख्य आहे. लग्नात अहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवतात. व्यवहार म्हणून त्या रुपयाला काय अर्थ आहे? पण तो नसेल तर पाकीट बरे दिसत नाही. तसेच हे.

तरी कोर्दियेबद्दल आमची एक तक्रार उरतेच. त्याचे हृदय फार लवकर कळते. एकदा पाहिले की संपले. गाणे हृदयाविषयी, आकार हृदयाचा. डोळा आणि कान एकच शब्द बोलतात. त्यातला आनंद हुशारीचा आहे, आणि हुशारीने प्रेम सिद्ध होत नाही. यासाठीच दुसऱ्या रचनेकडे जायचे.

जॉन केज. नाव ऐकलेले असेल. चार मिनिटे तेहतीस सेकंद वाजवणारा काहीच वाजवत नाही, ती १९५२ ची रचना करणारा तोच. लोक त्याला विक्षिप्त समजतात. पण त्याचा आपल्या विषयाशी संबंध त्याआधी सुरू होतो, आणि तो एका दुःखातून होतो.

१९३५ मध्ये केजचे लग्न झाले होते. १९४० नंतरच्या काळात तो मर्स कनिंगहॅम या तरुण नर्तकाच्या प्रेमात पडला. संसार मोडला. त्या उलघालीत, १९४३-४४ मध्ये, त्याने पियानोसाठी 'द पेरिलस नाइट' नावाची रचना केली. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून वेगळेच आवाज काढायची त्याची रीत होती, तीच इथेही. प्रेम दुःखी झाले की जी भीती आणि एकटेपण येते ते सगळे त्याने त्या आवाजांत ओतले होते. आणि एका समीक्षकाला त्यात काय ऐकू आले? चर्चच्या मनोऱ्यात सुतारपक्षी टकटक करतो आहे तसे! केजने हे स्वतःच नंतर सांगितले आहे. त्याला कळेना की आपण जीव ओततो आणि समोरच्याला पक्षी ऐकू येतो, तर मग संगीत लिहायचे कशासाठी?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तो हाच, फक्त रचनाकाराच्या बाजूने विचारलेला.

उत्तर त्याला काही अंशी आपल्याकडून मिळाले. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केजला भारतीय संगीताचे धडे दिले, त्याने त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे. मन शांत करून त्याला दैवी प्रभावासाठी मोकळे करणे हा संगीताचा हेतू, हे गीताबाईंकडून ऐकलेले वचन केज आयुष्यभर सांगत राहिला. त्याच सुमारास त्याने आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून रसविचार वाचला. १९४६ ते ४८ या काळातले त्याचे 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' हे वीस तुकडे रसांवर आधारलेले आहेत. त्यात शृंगारही आला. पण कोणता तुकडा कोणत्या रसाचा हे त्याने सांगितले नाही. आम्हाला यात महत्त्वाचे वळण दिसते. 'माझे' दुःख सांगण्याऐवजी तो सगळ्यांच्या स्थायी भावांकडे वळला. पुढे १९५० नंतर तो आणखी पुढे गेला. नाणी टाकून, 'यी चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथातल्या आकृत्यांना विचारून, स्वर ठरवायचे. आपली आवड-निवड मध्ये आणायची नाही. संन्यासच म्हणा ना.

आणि अशा संन्याशाने १९७१ मध्ये जी रचना केली तिचे नाव 'सिक्स्टी-टू मेसोस्टिक्स री मर्स कनिंगहॅम'. एकच आवाज, साथ नाही, समोर मायक्रोफोन. तीच, जी आम्ही वर्गात ऐकवली होती.

पण वर्गात आम्ही एक गोष्ट केली नव्हती. पाने दाखवली नव्हती!

ती आज दाखवतो. ओळीच्या पहिल्या अक्षरांतून एखादे नाव उभे वाचता येते अशी पद्ये तुम्ही पाहिली असतील. केजने ते नाव कडेला न ठेवता मध्ये घेतले. प्रत्येक ओळीत एकच शब्द किंवा शब्दाचा तुकडा, त्याहून जास्त नाही. ओळी अशा रचल्या आहेत की मधून उभे खाली वाचत गेले तर 'मर्स' किंवा 'कनिंगहॅम' हे नाव उतरते. आणि अक्षरे पाहा. एक वीतभर, शेजारचे मुंगीएवढे. एक जाड, एक तिरपे, एक नक्षीचे. अक्षरे एकमेकांना चिकटलेली, एकावर एक तोललेली. ही लेट्रासेटची अक्षरे. तुमच्यात कोणी जाहिरातीच्या जुन्या स्टुडिओत काम केले असेल तर आठवेल, पारदर्शक कागदावरची अक्षरे घासून घासून खाली उतरवायची. असे सातशेहून जास्त टाइप आणि आकार त्याने वापरले. शब्द कुठून आणले? कनिंगहॅमच्या नृत्यरचनेवरच्या पुस्तकातून, आणि कनिंगहॅम आपल्या कामासाठी सर्वांत जास्त हाताळत असे त्या आणखी बत्तीस पुस्तकांतून.

केजला वाटत होते की मधल्या नावामुळे कवितेला पाठीचा कणा येईल आणि ती त्या नर्तकासारखी दिसेल. मग त्यानेच प्रांजळपणे म्हटले की तसे काही झाले नाही, त्या धबधब्यासारख्या किंवा चित्रलिपीसारख्या दिसतात. आम्हाला विचाराल तर दोन्ही खरे आहे. आत कणा आहे आणि वरून पाणी कोसळते आहे.

आता गुडमनची कसोटी पुन्हा लावू. ही सगळी अक्षरे एकाच साध्या टाइपात छापली तर रचना उरेल का? नाही उरणार. टाइप बदलला की आवाज बदलायचा, हीच गायकाला दिलेली सूचना आहे. मात्र जाड अक्षराला अमुक स्वर, तिरप्याला तमुक, असा तक्ता नाही. गायकाने पाहायचे आणि आवाजाने उत्तर द्यायचे. म्हणजे इथे चित्र रचनेच्या आत आहे, पण स्वरलिपी नाही. कोर्दियेची लाल शाई हिशेब सांगते. केजची अक्षरे हिशेब सांगत नाहीत, हाक मारतात.

आणि नाव? इथे सगळे येऊन थांबते. गायक आडवे वाचतो. 'मर्स' या नावातले प्रत्येक अक्षर कुठल्यातरी शब्दाच्या तुकड्यात मिसळून त्याच्या तोंडातून जाते. पाच ओळींत नावाची पाचही रोमन अक्षरे जातात. पण नाव म्हणून नाव एकदाही उमटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानावरून ते बासष्ट वेळा गेलेले असते आणि त्याला पत्ता नसतो.

मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण आठवा. ओठ न मिटता म्हणायचे रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य. आम्ही शाळेत ऐकले तेव्हा कौतुक वाटले होते, बस. उतारवयात लक्षात आले की 'म' वर्ज्य म्हणजे 'राम' म्हणता येत नाही! ज्याच्यासाठी ग्रंथ त्याचेच नाव ग्रंथात नाही. आमची आई आयुष्यात कधी वडिलांचे नाव घेत नसे, 'हे' आणि 'अहो' एवढ्यावर संसार झाला. पण उखाण्यात नाव यायचे, लाजत यायचे, आणि सगळ्या बायका हसायच्या. नाव घेण्याला जेव्हा अडसर असतो, तेव्हा रचना हीच पळवाट होते. उखाण्यात ती कानातून निघते. केजने ती डोळ्यांतून काढली.

आता कोणी म्हणेल, नाव तर शीर्षकातच ठळक आहे, मग दडवले काय? रास्त प्रश्न आहे. शीर्षकातला तो 'री' शब्द बघा. कार्यालयीन पत्रात आपण 'विषय :' लिहितो ना, तोच हा. 'मर्स कनिंगहॅम यांच्या संदर्भात.' किती कोरडे! न्यूयॉर्क राज्यात पुरुषापुरुषांचे असे संबंध १९८० पर्यंत कायद्याने गुन्हा होते, हे इथे विसरून चालणार नाही. नाव कधीच गुपित नव्हते. दोघे जगभर बरोबर काम करत होते, १९६४ च्या दौऱ्यात भारतातही येऊन गेले होते. नाते मात्र बोलले जात नव्हते. केजने कनिंगहॅमला चाळिशीच्या दशकात लिहिलेली पत्रे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचली तर तिथे चारचौघांसारखा, प्रेमात पार बुडालेला माणूस भेटतो. म्हणजे त्याला बोलता येत नव्हते असे नाही. पत्रात तो भरभरून बोलतो, रचनेत 'विषय :' लिहितो.

पण केवळ कायद्याच्या भीतीने हे समजावून सांगणे अपुरे आहे. सर्वांत मोठा पुरावा रचनेच्या आतच आहे. कोणता टाइप? नाण्यांनी ठरवले. केवढे अक्षर? नाण्यांनी. कोणता शब्द? नाण्यांनी. ज्याने आपली सगळी आवड-निवड दैवावर सोडली, त्याने एक गोष्ट मात्र नाण्यांना विचारली नाही. मधले नाव कोणाचे असावे, हे. मर्सचे नाव, मर्सची पुस्तके, मर्सचा कणा. दैवाला जेवढे अंगण दिले ते सगळे एकाच माणसाच्या घराचे आहे. प्रेमाची याहून अचूक व्याख्या आम्हाला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सापडलेली नाही : ज्याची निवड पुन्हा करायची नसते ते.

आता समीक्षकाचे कडू काम. ही रचना पूर्ण यशस्वी आहे का? आम्हाला वाटत नाही. बासष्ट तुकडे सलग ऐकताना कान थकतो. अक्षर आणि आवाज यांचा संबंध गायकावर इतका सोडलेला आहे की गायकच रचना खाऊन टाकू शकतो. देमेत्रिओ स्त्रातोस या इटलीत गाणाऱ्या ग्रीक गायकाने १९७४ मध्ये यातला काही भाग ध्वनिमुद्रित केला. गळा असा की एका माणसात दहा माणसे बसली आहेत असे वाटावे. ऐकताना आपण स्त्रातोसच ऐकतो, मर्स कुठल्या कुठे जातो. आणि केवळ ऐकणाऱ्याला रचना निम्मीच मिळते, हा दोष आहेच. कोर्दियेचे गाणे डोळे मिटून ऐकले तरी सुंदर आहे. केजची रचना पानाशिवाय ऐकणे म्हणजे बंद खोलीतले बोलणे भिंतीला कान लावून ऐकणे.

आनंदवर्धनाला आम्ही सोडत नाही, त्याचीच कसोटी वापरतो. तो चित्राला खाली बसवतो कारण त्यात न सांगितलेले काही उरत नाही. या दृष्टीने कोर्दियेचे हृदय खरोखर चित्र आहे, सगळे दाखवून टाकते. केजच्या पानात मात्र मुख्य गोष्ट सांगितलेली नाही आणि तीच सगळीकडे आहे. तिला चित्र म्हणायचे की ध्वनी? आमचे मत ध्वनीच्या बाजूने पडते. कानांना नसलेला, डोळ्यांतून निघालेला ध्वनी.

त्या मुलीला आज उत्तर देतो : बाई, प्रेम आवाजात नव्हते. ते पानावर होते, आणि पान आम्ही दाखवले नव्हते. चूक आमची होती.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले : "सर, मग हे ऐकायचे की पाहायचे?")

आधी पाहावे. केजच्या 'एम' या १९७३ च्या पुस्तकात ही पाने आहेत. मधून बोट खाली नेत ते नाव स्वतः शोधावे. मग पान मिटून ऐकावे. ऐकताना ते नाव गायक म्हणणार नाही, पण तुमच्या मनात चालू राहील. तेवढे झाले की रचना पूर्ण झाली. आणि नाहीच झाले, तर रसिकतेत उणे आहे असे समजू नये. ते पान मुळात आपल्या नावे नव्हतेच.